आत्मिक वाढ आणि पिठ्या ढेकूण

अधीक्षकांनी जन्मात कधी गवताची काडीसुद्धा लावली नव्हती. तरीही घरातल्या कुंडीवरून आत्मिक वाढीचे धडे देण्याचं त्यांनी भर मंडळीत कबूल केलं, याला कारण दंतवैद्य.

झालं असं की, रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की यापुढे प्रवचनाच्या आधी दहा मिनिटं मंडळीतल्याच कोणीतरी बोलावं. हेतू चांगला होता. लोक प्रवचन सुरू झाल्यावर यायला लागले होते आणि निदान शेजाऱ्याची फजिती बघायला तरी ते वेळेवर येतील, असा पाळकसाहेबांचा कयास असावा. "कोण पुढे येतंय?" असं त्यांनी विचारलं आणि ऑर्गनच्या मागून दंतवैद्यांचा हात वर जाताना अधीक्षकांना दिसला.

आता हे दंतवैद्य म्हणजे अधीक्षकांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे, मंडळीत ऑर्गन वाजवणारे आणि मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत अधीक्षकांविरुद्ध त्याच एका रिकाम्या जागेसाठी उभे राहिलेले. निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. अशा वेळी हा मनुष्य दर रविवारी दातांची कीड आणि आत्म्याची कीड यावर दहा-दहा मिनिटं बोलणार म्हणजे अधीक्षकांच्या पंचपदावर पाणी पडल्यासारखंच होतं. अधीक्षक ताडकन उभे राहिले.

"मी बोलेन," ते म्हणाले.

"वा! विषय काय घेणार?"

विषय कुठे होता? अधीक्षकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खिडकीत कोणाची तरी कुंडी होती.

"कुंडी," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, जणू वर्षभर याच विचारात होतो अशा थाटात, "कुंडीतलं रोप आणि आत्म्याची वाढ."

मंडळीतून "वा" निघाला. दंतवैद्यांचा हात खाली आला आणि ऑर्गनचा एक स्वर उगाचच वाजला.

घरी आल्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, "कुठली कुंडी?"

"आणायची."

"आणि तिला पाणी कोण घालणार?"

हा प्रश्न अधीक्षकांना झोंबला. कारण ते पाणीपुरवठा कार्यालयात नळजोडणी विभागाचे अधीक्षक होते. लोकांना पाणी न देण्यात त्यांची हयात गेली होती. नळासाठी आलेल्या माणसाला "उद्या या" हे शब्द इतक्या प्रेमानं सांगणारा दुसरा अधिकारी त्या कार्यालयात नव्हता. पण पाणी घालणं म्हणजे काय मोठं शास्त्र आहे? त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. बायको म्हणाली, "बरं." तिच्या या 'बरं'ला अधीक्षक लग्नापासून घाबरत आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मनीप्लँट आणला. न मरणारं झाड द्या, असं त्यांनी रोपवाटिकेत सांगितलं होतं आणि हेच मिळालं होतं. पण त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या विमा एजंटानं जिन्यात गाठून शंका काढली. हा एजंटही मंडळीतलाच, आणि मृत्यूनंतर काय होतं याचा पाळकसाहेबांपेक्षा जास्त विचार केलेला.

"मनीप्लँट? देवाच्या घरात? अहो, धन आणि देव या दोघांची चाकरी करता येत नाही, हे आपण ऐकतो ना?"

"झाडाचं नाव आहे ते. झाडाला काय माहीत?"

"झाडाला माहीत नसेल. दंतवैद्यांना आहे. ते तिसऱ्या मजल्यावर सांगत होते."

अधीक्षकांना त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांनी चहाच्या आधी जाहीर केलं, की आजपासून या वेलीचं नाव कृपावेल. कॉलेजात जाणारी मुलगी हसली, तर त्यांनी तिला पवित्र शास्त्रात किती जणांची नावं बदलली आहेत ते ऐकवलं. नाव बदलल्यावर त्या माणसांच्या मागे हालअपेष्टा लागल्या, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

पहिला धडा मुळांवर होता आणि तो झकास झाला. मुळं दिसत नाहीत तशी प्रार्थनाही दिसत नाही, असं काहीतरी अधीक्षक बोलले आणि पुढच्या बाकावरच्या दोन आजींनी डोळे पुसले. एकीला मोतीबिंदू होता, पण अधीक्षकांनी दोघीही मोजल्या.

एवढ्यानं त्यांना चेव आला. धड्यासाठी वेल वाढायला हवी, म्हणून त्यांनी तिला पाणी घालायला सुरुवात केली. सकाळी घातलं, कार्यालयात निघताना घातलं, आल्यावर घातलं. आयुष्यभर आखडून ठेवलेला हात एकदम सैल सुटला. त्यात इमारतीतल्या प्रत्येकाचा सल्ला. समोरच्या काकू म्हणाल्या चहाचा चोथा घाला. विमा एजंट म्हणाला अंड्याची टरफलं घाला. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त कप्तानानं सांगितलं, झाडाशी कडक आवाजात बोला, झाडाला शिस्त आवडते. अधीक्षकांनी कोणालाच नाही म्हटलं नाही, कारण प्रत्येक जण मतदार होता. कुंडीत चोथा, त्यावर टरफलं, त्यावर पाणी, आणि त्यावर "सरळ वाढ!" असा हुकूम. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "मला काही म्हणालात का?"

आठवड्याभरात कुंडी गळायला लागली आणि ते चहाचं तपकिरी पाणी गॅलरीतून थेट खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर उतरलं. इमारतीच्या समितीची सभा भरली. समितीचे चिटणीस हे एका बँकेत काम करणारे गृहस्थ. त्यांना अधीक्षकांनी पूर्वी नळासाठी सात वेळा 'उद्या या' सांगितलं होतं. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "कुंडी ठेवायला आमची हरकत नाही. फक्त टांगत्या आणि गळत्या वस्तूंच्या परवानगीसाठी अर्ज करावा लागेल."

"करतो. कोणाकडे?"

"माझ्याकडे. पण आज नाही. उद्या या."

अधीक्षकांनी जन्मात प्रथमच ते वाक्य दुसऱ्या बाजूनं ऐकलं. कानाला फारच वेगळं लागत होतं.

तीन 'उद्या' झाल्यावर त्यांनी कुंडी उचलली आणि प्रार्थनामंदिरात नेऊन व्यासपीठाशेजारी ठेवली. 'छळ झाला की विश्वासणारा मंदिराचा आसरा घेतो' हा दुसरा धडा त्यातूनच निघाला. मग पानं पिवळी पडली, तेव्हा 'स्वतःला मरणं', म्हणजे मीपणा सोडणं, हा तिसरा निघाला. घाबरून त्यांनी वेल अर्धी कापली, तेव्हा 'छाटणी' हा चौथा. झाडाचं काहीही होवो, अधीक्षकांकडे त्यावर दहा मिनिटं तयार असायची. लोक वेळेवर यायला लागले. पाळकसाहेब खूश होते, पण थोडे धास्तावलेही होते, कारण दहा मिनिटांची आता पंचवीस झाली होती आणि प्रवचनाच्या वेळेला लोक घड्याळ बघत होते.

चौथ्या धड्याच्या शेवटी अधीक्षकांनी कळस केला. कापलेल्या फांद्या त्यांनी ओल्या कागदात गुंडाळून घराघरात वाटल्या. "वेल एक, फांद्या अनेक!" ते म्हणाले. उलट लोकांनीही आपापल्या कुंड्या मंदिरात आणून कृपावेलीभोवती मांडल्या. दंतवैद्यांनीसुद्धा मागे पडायला नको म्हणून नेच्याची, म्हणजे फर्नची, एक भलीमोठी कुंडी आणली. आणि पाळकीणबाईंनी एक फांदी बाईंकडे पोचवली.

बाई म्हणजे रविवारच्या शाळेच्या बाई. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना, त्यात अधीक्षक आणि दंतवैद्य दोघांनाही, त्यांनी लहानपणी बाकावर उभं केलेलं होतं. आता गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडणं बंद झालं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात होती ती एक वेल. मेणासारख्या जाड पानांची, नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेली, खिडकीच्या चौकटीवरून फिरून भिंतीवर गेलेली. बाईंनी कृपावेलीची फांदी पाण्याच्या पेल्यात घालून त्या वेलीच्या शेजारी ठेवली.

पाचव्या रविवारी कृपावेलीच्या पानांच्या बेचक्यात अधीक्षकांना पांढरे कण दिसले. कापसासारखे, मऊ, शुभ्र. त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. अरण्यात उपाशी इस्राएलांसाठी आकाशातून उतरलेल्या मान्न्याची, त्या शुभ्र अन्नाची, आठवण येणं साहजिकच होतं, आणि आठवण आली की ती बोलून दाखवणंही साहजिक होतं. "पाहा!" ते व्यासपीठावरून म्हणाले. "आपण पाणी घालतो. पण ही शुभ्रता आपण घातलेली नाही. ही वरून येते!"

मंडळी उठून रांगेनं दर्शनाला आली. विमा एजंटानं एक कण बोटावर घेऊन घरी नेला.

त्या दुपारी मुलीनं फोन त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हे बघा. हुबेहूब तेच आहे ना? पिठ्या ढेकूण म्हणतात याला."

"ढेकूण? गादीत असतात ते?"

"ते नाही. ही झाडांची कीड आहे. रस शोषते. एका कुंडीतून दुसरीत जाते. बाबा, तुम्ही सगळ्या गावाला फांद्या वाटल्यात."

अधीक्षकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग परत दिला आणि म्हणाले, "फोनवर काहीही येतं."

पण जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. बायकोनं दोनदा वाढलं, तरी त्यांनी पुरे म्हटलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात घरोघरी कीड निघाली. समोरच्या काकूंची तुळतुळीत पानं चिकट झाली. कप्तानाची शिस्तबद्ध रोपं माना टाकून उभी राहिली. मंडळीत कुजबुज सुरू झाली, की ही पीडा आली कुठून? कृपावेलीवर कोणी संशय घेईना, कारण तिच्यावरचं पांढरं ते वरून आलेलं, हे तर व्यासपीठावरून जाहीर झालेलं. मग बोट गेलं दंतवैद्यांच्या नेच्याकडे. सगळ्यांत मोठी कुंडी तीच, आणि कोणी मागितली नसताना जागा अडवून बसलेली. "दुसऱ्यांच्या तोंडातली कीड काढतो आणि देवाच्या घरात आणून सोडतो," असं विमा एजंट म्हणाला, तेव्हा अधीक्षक तिथेच उभे होते.

त्यांनी फक्त मान हलवली. ती मान 'होय' म्हणून हलली की 'काय हे' म्हणून, ते ज्याचं त्यानं ठरवावं अशी. नळजोडणी विभागात ही मान त्यांनी कमावलेली होती.

दंतवैद्य त्या रविवारी ऑर्गन वाजवताना दोनदा चुकले. निवडणूक आता अधीक्षकांच्या खिशात होती.

बुधवारी संध्याकाळी पाळकीणबाई भेटल्या. "बाईंकडे एकदा जाऊन या," त्या म्हणाल्या. "त्यांची वेल गेली बहुतेक. काही बोलत नाहीत, पण खिडकीचा पडदा उघडत नाहीत हल्ली."

अधीक्षकांना वाटलं होतं, जावं, चार शब्द सांत्वनाचे बोलावेत, निघावं. शब्दांचा साठा तर भरपूर होता. बाईंनी दार उघडलं. काठी टेकत त्या आत गेल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. भिंतीवरची वेल पिठात लोळवल्यासारखी झाली होती. निम्मी पानं गळून खाली वर्तमानपत्रावर पडलेली. बाईंनी ती टाकली नव्हती.

"बाई," अधीक्षक घसा साफ करून म्हणाले, "कधी कधी देव आपल्याकडून..."

"तुझी फांदी आली त्यानंतर झालं हे," बाई म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. शाळेत उत्तरपत्रिका परत देताना त्या असंच बोलत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला दिसायला कमी झालंय, अक्कल तेवढीच आहे."

"मग कोणाला सांगितलं का नाही? लोक दंतवैद्यांना नावं ठेवतायत."

"ते तू सांगशील म्हणून मी वाट बघत होते," बाई म्हणाल्या आणि चहाला निघाल्या.

चहा चांगला होता. अधीक्षकांनी तो तसाच गार होऊ दिला.

रविवारी ते व्यासपीठावर चढले. रात्रभर त्यांनी कबुलीची वाक्यं जुळवली होती. त्यात 'काही अंशी', 'अनवधानानं' आणि 'परिस्थितीजन्य' असे भारदस्त शब्द होते. पण पहिल्या बाकावर बसलेल्या लोकांकडे पाहताना ते सगळे विसरले.

"ही कीड माझी आहे," ते म्हणाले. "मला कळलं होतं. मुलीनं सांगितलं होतं. दंतवैद्यांचं नाव निघालं तेव्हाही मी गप्प बसलो. माझं चुकलं."

अधीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आता जे काय व्हायचं ते होवो.

झालं ते भलतंच. दंतवैद्य ऑर्गनमागून उठले. "नाही," ते सद्गदित आवाजात म्हणाले. "दोष माझा आहे. माझ्या नेच्यावर आधीच दोन कण होते. मी पाहिले आणि दुर्लक्ष केलं."

"दोनच ना?" समोरच्या काकू उभ्या राहिल्या. "माझ्याकडे तर केव्हापासून आहेत! मी पापीण आहे!"

"माझी कुंडी मी बघितलीच नाही," कप्तान गरजले. "कर्तव्यात कसूर! सर्वांत मोठा गुन्हेगार मी!"

"अहो, पण मी तर कण बोटावर घरी नेला," विमा एजंट हुंदका देत म्हणाला.

"एक मिनिट," अधीक्षक म्हणाले. "कीड माझी आहे."

"आपला मोठेपणा आहे," दंतवैद्य म्हणाले. "पण माझी जास्त जुनी."

"नेच्याला ही कीड सहसा लागतच नाही! माझ्या मुलीनं फोनवर पाहिलंय!" अधीक्षक ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून एक पाप कबूल केलं आणि तेही लोक हातातून ओढून नेत होते.

पण मंडळी आता ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. एकेक जण उठून आधीच्यापेक्षा जास्त ढेकूण सांगत होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, ती बहुधा उपासना लवकर संपण्यासाठी होती. शेवटी कीड प्रथम कोणाची याचा निर्णय करायला पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली. पुढच्या आठवड्यात निवडणूक झाली आणि दंतवैद्य प्रचंड मतांनी पंच झाले. न केलेल्या चुकीची एवढी नम्र कबुली मंडळीनं पूर्वी पाहिली नव्हती.

निकाल ऐकून घरी येताना जिन्यात बायकोनं त्यांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ते कार्यालयातून आले तेव्हा दाराशी एक बादली, साबणाचा चुरा, कापूस आणि स्पिरिटची बाटली काढून ठेवलेली होती.

"बाईंकडे जाताय ना?" ती म्हणाली.

बाईंकडे स्टुलावर चढून अधीक्षक पानं पुसू लागले. कापूस स्पिरिटमध्ये बुडवायचा, देठाच्या बेचक्यातून फिरवायचा, मग साबणाच्या पाण्यानं पान दोन्हीकडून धुवायचं. सोपं काम होतं, पण संपत नव्हतं. एक पान साफ झालं की शेजारच्या पानामागून नवी पलटण निघायची. थोड्या वेळानं अधीक्षकांना सवयीनं सुचलं.

"बाई, बघा, पापाचंही अगदी असंच..."

"बोलू नकोस. पूस."

अधीक्षकांनी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुसलं, तिसऱ्या दिवशीही. कार्यालय सुटलं की ते तिकडेच जात. बोलण्याची मनाई असल्यामुळे बाईच बोलू लागल्या. नवऱ्यानं ही वेल कुठून आणली, पहिल्या घरात खिडकी नव्हती म्हणून ती दारात कशी ठेवायचे, दोघांचं भांडण झालं की तो वेलीला ऐकू जाईल अशा आवाजात तक्रार कशी सांगायचा. अधीक्षक ऐकत. दहा मिनिटं कोणाचं न थांबवता ऐकण्याची त्यांना सवय नव्हती. सुरुवातीला मान दुखली, मग दुखेनाशी झाली.

कार्यालयातही एक गंमत झाली. एक म्हातारा गृहस्थ नळासाठी आला, तर अधीक्षकांच्या तोंडून "उद्या या" निघालं आणि तसंच अडकलं. त्यांनी त्याला बसवलं आणि तासाभरात काम करून दिलं. शिपायानं हे पाहून विचारलं, "साहेब, बरं वाटत नाहीये का?"

वेलीच्या तीन फांद्या कापाव्या लागल्या. बाकीची तग धरून राहिली. एका संध्याकाळी अधीक्षकांनी खिडकीपासून भिंतीपर्यंत एकेक पान उलटंसुलटं करून पाहिलं. पांढरं कुठेच नव्हतं. ते स्टुलावरून उतरले आणि त्यांनी हात पुसले.

"झालं का?" बाईंनी खुर्चीतून विचारलं.

"झालं असं दिसतंय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी काठी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. "म्हणजे उद्यापासून यायला नको तुला."

अधीक्षकांनी वेलीकडे पाहिलं. ती चक्क धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"नाही, तसं नाही," ते म्हणाले. "त्या वरच्या कोपऱ्यात एक दिसला मघाशी. पानामागे. लबाड असतात हे, लपून बसतात."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि त्या कोपऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"हो रे," त्या म्हणाल्या. "मलाही दिसला."